कारकीर्दीचे एकोणिसावे वर्ष

इ. स. १८१४ च्या जून महिन्यात फ्रान्सचा राजा अठरावा लुई याने प्रजेला एक सनद दिली व तिच्यावर आपल्या ‘कारकीर्दीचे एकोणिसावे वर्ष’ असे नोंदविले. वास्तविक राजेसाहेबांनी पॅरिसमध्ये पाऊल ठेवून जेमतेम महिना झाला होता! सोळाव्या लुईचा मुलगा १७९५ मध्ये कैदेत वारला, तेव्हापासून राजे आपणच, असा हा हिशेब. मधले प्रजासत्ताक आणि नेपोलियनची बादशाही जणू घडलीच नाही.

वर्गात हे सांगितले की मुले हसतात. परंतु सनदेतील कलमे पाहिली म्हणजे हसू मावळते. क्रांतिकाळात जप्त झालेल्या चर्चच्या व परागंदा सरदारांच्या जमिनी ज्यांनी विकत घेतल्या होत्या, त्यांच्याकडेच त्या राहतील, असे तीत स्पष्ट होते. कायद्यापुढे सर्व समान, हेही होते. नेपोलियनची दिवाणी संहिता कायम राहिली. मताधिकार मात्र तिशी गाठलेल्या व वर्षाला ३०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषांनाच. सुमारे तीन कोटींच्या देशात मतदार एक लाखाच्या आसपास! म्हणजे तारीख जुन्या राजाची, पण जमीन आणि कायदा क्रांतीचा. सिंहासन परत मिळवता येते, विकलेली शेते नाही, एवढे लुईला कळले होते.

१८२४ मध्ये तो वारला व धाकटा भाऊ दहावा चार्ल्स गादीवर आला. त्याने १८२५ मध्ये ऱ्हाइम्स येथे जुन्या थाटाने राज्याभिषेक करवून घेतला. राजस्पर्शाने गंडमाळा बऱ्या होतात या समजुतीप्रमाणे रोग्यांना हातही लावला. त्याच वर्षी सरदारांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा झाला. रक्कम जवळजवळ एक अब्ज फ्रँक! जमिनी हलल्या नाहीत, पण जमीनवाल्यांच्या मनात धास्ती शिरली.

विरोध वाढला तेव्हा परदेशातील विजयाने राज्याची शान वाढवावी, असा बेत झाला. ५ जुलै १८३० रोजी फ्रेंच फौजांनी अल्जीअर्स घेतले. त्या धुंदीत चार्ल्सने २५ जुलैला वटहुकूम काढले: वृत्तपत्रांवर बंधने, नवे सभागृह बरखास्त, मतदार आणखी कमी. छापखाने बंद पडताच तेथील कामगार रस्त्यावर उतरले. २७ ते २९ जुलै असे तीन दिवस पॅरिस लढले. २ ऑगस्टला चार्ल्सने गादी सोडली व तो इंग्लंडला गेला.

त्याच्या जागी आलेल्या लुई फिलिपने तिरंगी निशाण परत आणले. अल्जीअर्स मात्र परत केले नाही. अल्जीरियाला स्वातंत्र्य मिळाले ते १९६२ साली.