तुटलेल्या गुणसूत्राची गोष्ट

सातपुड्यातल्या मोलगी परिसरात रक्तातला जनुकीय दोष म्हटला की सिकलसेल आठवतो. तो आईवडिलांकडून येतो. आज ज्या ल्युकेमियाबद्दल बोलायचं आहे, त्यातला दोष वारशाने येत नाही. अस्थिमज्जेतल्या एखाद्या पेशीत दोन गुणसूत्रं तुटतात आणि त्यांचे तुकडे चुकीच्या जागी चिकटतात. यात कुणाचंच पाप नाही, हे आधी सांगून ठेवतो.

१९६० साली फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. त्याला त्या शहराचंच नाव पडलं. नववं आणि बाविसावं गुणसूत्र तुकडे बदलतात म्हणून ते आखूड होतं, हे जॅनेट राऊली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. या जोडातून जे प्रथिन बनतं, ते पेशीला सतत वाढायचा हुकूम सोडत राहतं.

मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात हे गुणसूत्र १०० मध्ये ३ ते ५ जणांतच सापडतं. पण ज्याच्यात सापडे, त्याला नुसती केमोथेरपी फारशी तारत नसे. २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली. ती नेमकी त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते. तीव्र आजारात मात्र एकटी गोळी पुरत नाही; पेशी लवकरच तिला दाद देईनाशा होतात. म्हणून अमेरिकेत मुलांना केमोथेरपीबरोबरच ही गोळी देऊन पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे बोलके होते. तीन वर्षं आजार न उलटता काढणारी मुलं पूर्वी १०० मध्ये ३५ असत, सलग गोळी घेतलेल्या गटात ती ८० झाली.

पण भारतात मूळ कंपनीच्या महिन्याच्या गोळ्यांना सुमारे १,२०,००० रुपये पडत, देशी गोळ्यांना आठ-दहा हजार. नोव्हार्टिसच्या पेटंट अर्जाला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही विरोध केला. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. पुढे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनीही कंपनीचा दावा नाकारला, आणि देशी गोळी बाजारात राहिली.

ही गोळी मोलगीच्या घरातही घेता येते. केमोथेरपीसाठी मात्र दोनेक वर्षं देवगोई घाट उतरून, नंदुरबारहून गाडी धरून परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी वाऱ्या कराव्या लागतात. तो खर्च कोणत्याही पेटंटमध्ये मोडत नाही.