टी, टिपण आणि फराटा

"मामा, हा टी म्हंजे आपल्या ठिबकातला टी का?"

भाचा मांडवगण फराट्याला असतो. ऊस आहे, ठिबक आहे, आणि मोटारीची लाइट रात्रीची असली की जागणं आलंच. त्या वेळात तो लॅपटॉपवर लिनक्स शिकतो. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, खाली उत्तर वाचायचं. पण उत्तर लांबलं की वरच्या ओळी सरकून जातात आणि दुसऱ्या दिवशी काय केलं होतं ते आठवत नाही. ते उतरवून कसं ठेवायचं, एवढंच त्याला हवं होतं. मी टी नावाची आज्ञा सांगितली, तर त्याने हा प्रश्न टाकला.

तर हो, तोच टी. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी 1964 साली लिहून ठेवलं होतं की बागेला पाणी घालायच्या नळीला जसा तुकडा जोडता येतो तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत. 1973 मध्ये केन टॉम्पसन यांनी, लिनक्स ज्याच्या वळणावर बनलं त्या युनिक्समध्ये, ते करून दाखवलं आणि त्या जोडणीला पाइप म्हणू लागले. पाइप आला म्हटल्यावर टी यायचाच. एका तोंडाने धार पडद्याकडे, दुसऱ्या तोंडाने फाइलकडे. पुस्तकी मराठीत याला कुणी 'द्विशाखी' वगैरे म्हटलं तर मी भांडेन. एल्बो, रिड्यूसर, एंड कॅप ज्याच्या खिशात असतात त्याला टी समजवायला लागत नाही. फक्त गळती कुठे आहे ते सांगावं लागलं: चूक झाल्याचे संदेश वेगळ्या नळीने येतात, ते या टीत शिरत नाहीत, थेट पडद्यावर सांडतात.

त्या काळ्या पडद्याला टर्मिनल म्हणतात, त्या शब्दाचंही तसंच. भाच्याला ते ट्रॅक्टरच्या बॅटरीमुळे पाठ आहे, तार जिथे संपते ती जागा. मुळात टर्मिनस हा रोमन लोकांचा शिवेचा देव, त्याचं ठाणं शिवेच्या दगडात. आपली शीवही संस्कृत सीमेतूनच आली आहे.

टी एका आज्ञेपुरता. अख्खी बैठक उतरवायची तर स्क्रिप्ट नावाची आज्ञा आहे, बर्कलीच्या युनिक्समधली, 1979 ची. ती सुरू केली की पडद्यावर जे जे उमटतं ते फाइलमध्ये जातं. डोक्यावर सुरू झाल्याची तारीख-वेळ, तळाशी संपल्याची. आपल्याकडे याला फार चांगला शब्द होता: रोजकीर्द. फारसीत कर्दन म्हणजे करणं. कीर्द म्हणजे जे केलं ते, केलं त्या क्रमाने. खात्यावार लावणं हे खतावणीचं काम, कीर्द त्यात पडत नाही.

पण स्क्रिप्ट या शब्दाच्या पोटात ओरखडा आहे. लॅटिन स्क्रिबेरे म्हणजे लिहिणं, आणि त्याच्या मुळाशी कोरणं, खरवडणं. संस्कृत लिख् धातूचाही जुना अर्थ ओरखडणं हाच, आणि रेखा त्याचीच नातलग. म्हणजे लिहिणं म्हणजे मुळात फराटा ओढणं! इथे मला गावाचं नाव आठवून हसू आलं. अर्थात गावाच्या नावातला फराटा सांगताना लोक तिथल्या फराटे घराण्याकडे बोट दाखवतात, शाईच्या फराट्याकडे नाही. आणि नुसतं मांडवगण म्हटलं तर श्रीगोंदा तालुक्यातलं दुसरं मांडवगण आडवं येतं. शब्दांच्या नादात गावाची वंशावळ रचू नये, एवढं पथ्य मी पाळतो.

भाच्याचं गाव ज्या शिरूर तालुक्यात आहे, तिथेच इनामगावला डेक्कन कॉलेजने पांढर उकरली तेव्हा तीन हजार वर्षांमागची घरं, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा निघाल्या. पाण्याचा पाटही निघाला. लिहिलेली एक ओळ नाही, पण पाणी कुठून कुठे नेलं ते उमटून राहिलं. याला लिहिणं म्हणता येणार नाही. मराठीत त्याच्या जवळ जाणारा शब्द आहे टिपणं. कोंबडी दाणे टिपते, पदर डोळे टिपतो, टीपकागद शाई टिपतो. भूमापनात मोजणीच्या कच्च्या आराखड्याला टिपणच म्हणतात. कोंबडी निवडून टिपते. टीपकागदाला निवड नसते, तो डागही उचलतो. स्क्रिप्टची आज्ञा टीपकागदाच्या जातीची.

हे भाच्याला दोनदा नडलं. पहिल्या रात्री स्क्रिप्ट थांबवायला एक्झिट म्हणायचं राहिलं, फाइल वाढतच गेली. दुसऱ्या रात्री नाव न देता पुन्हा सुरू केलं. टाइपस्क्रिप्ट या ठरलेल्या नावाच्या फाइलवर नवी फाइल बसली आणि पहिली रात्र पुसली गेली. कागदाची वही असं करत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. जुन्याच्या खाली जोडत जायला वेगळं सांगावं लागतं.

तिसऱ्या रात्री त्याचा फोन. फाइल एडिटरमध्ये उघडली तर अक्षरांच्या मध्ये टोपी घातलेले एच दिसत होते.

"हे काय? मी तर असं काही टाइप केलं नाही."

"केलंस. आज्ञा चुकली, ती बॅकस्पेसने खोडलीस. तेवढे एच."

"म्हंजे खाडाखोड पण धरली?"

कॅट आज्ञेने तीच फाइल पडद्यावर ओतायला सांगितली. पडदा ते एच पुन्हा पाळतो, चूक लिहितो आणि डोळ्याला कळायच्या आत खोडतो, म्हणून तिथे सगळं स्वच्छ दिसतं. त्याने दोन्ही शेजारी शेजारी उघडून पाहिलं. मग म्हणाला, "मामा, एडिटरमधलीच ठेवतो. कुठं चुकलो ते तिथंच दिसतंय." तेवढ्यात लाइट आली आणि तो मोटार चालू करायला गेला, एक्झिट न म्हणताच.