ज्युपिटर नोंदवही : उभारणी व परिसरविषयक अडचणी

ज्युपिटर नोंदवही ही आज्ञावली, तिची उत्तरे, आलेख आणि स्पष्टीकरणाचा मजकूर एकाच पानावर ठेवणारी मुक्त संगणकप्रणाली आहे. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या आयपायथनमधून ती विकसित झाली व २०१४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. ज्युलिया, पायथन आणि आर या भाषांच्या नावांवरून ते घडवले आहे. गुरू ग्रहाशी होणारी गल्लतही अगदीच निराधार नाही, कारण गॅलिलिओने गुरूच्या चंद्रांविषयी केलेल्या टिपणांचे स्मरण त्या नावात आहे.

कर्नल व परिसर

पान ब्राउझरमध्ये दिसते; आकडेमोड मात्र पाठीमागे चालणारा ‘कर्नल’ करतो. ही फारकत ध्यानात न घेतल्याने बहुतेक अडचणी उद्भवतात. ग्रंथसंच बसवूनही तो सापडत नाही, ही नेहमीची तक्रार होय. संगणकावर पायथनच्या दोन प्रती असतात, ‘पिप’ एकीत संच बसवते आणि कर्नल दुसरीतून चालतो. सिस या घटकातील ‘एक्झिक्युटेबल’ छापून पाहिल्यास चालू प्रतीचा पत्ता कळतो. नोंदवहीच्या चौकटीतच ‘पिप’पूर्वी टक्क्याचे चिन्ह लिहिल्यास संच योग्य परिसरात बसतो; त्यानंतर कर्नल पुन्हा सुरू करावा.

चौकटींचा क्रम

न दिसणारी चूक अधिक घातक असते. समजा, कोल्हापुरी गुळाचा क्विंटलचा दर १०० ने भागून किलोचा दर काढणारी चौकट आहे आणि ती उत्तर त्याच स्तंभात साठवते. ती अनवधानाने दोनदा चालवली, तर ४,००० रुपयांचे आधी ४० रुपये आणि मग ४० पैसे होतात. संगणक कोणतीही त्रुटी दाखवत नाही. म्हणून काम सादर करण्यापूर्वी कर्नल नव्याने सुरू करून सर्व चौकटी वरपासून चालवणे अत्यावश्यक आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पुन्हा चालवून पाहिलेल्या नोंदवह्यांपैकी सुमारे २४ टक्केच विनात्रुटी चालल्या आणि मूळ उत्तरे जेमतेम ४ टक्क्यांत आली.

देवनागरीचे प्रश्न

मॅटप्लॉटलिबच्या मूळ टंकात देवनागरी अक्षरे नसल्याने आलेखावर रिकामे चौकोन उमटतात. नोटो सान्स देवनागरी किंवा मंगल हा टंक निवडल्यास अक्षरे येतात. तरीही अनेक आवृत्त्यांत ‘कोल्हापूर’मधील जोडाक्षर फुटते आणि ‘शिरोळ’ची पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते. एक्सेलमधून साध्या सीएसव्ही प्रकारात जतन केलेल्या मराठी मजकुराची प्रश्नचिन्हे होतात. तेथे यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा. एकदा झालेली प्रश्नचिन्हे परत अक्षरे होत नाहीत, त्यामुळे मूळ फाइल जपून ठेवावी. युनिकोडपूर्व टंकांत टंकलेल्या जुन्या मजकुराचे मात्र आधी रूपांतरच करावे लागते.

ऑनलाइन पर्याय

उभारणी टाळण्यासाठी गूगल कोलॅब वापरता येते. तेथे सत्र संपताच चढवलेल्या फाइली व बसवलेले संच नाहीसे होतात. त्यामुळे फाइली ड्राइव्हवर ठेवाव्यात आणि संच बसवण्याच्या आज्ञा पहिल्याच चौकटीत लिहाव्यात.