मांगूर: एका नामसाम्याचा इतिहास

होटगीसारख्या तलावांतील लहान मासे हे बगळ्या-पाणकावळ्यांचे आणि देशी मांगुराचेही भक्ष्य होय. त्यात वाटेकरी ठरू शकणारा आफ्रिकी मासा १९९० नंतरच्या दशकात बांगलादेशमार्गे भारतात आला. बाजाराने त्यास ‘थाई मांगूर’ म्हटले. वस्तुतः तो मूळचा थायलंडचाही नव्हे आणि आपला मांगूरही नव्हे. हवेतून श्वसन करीत तो गढूळ, अपुऱ्या पाण्यातही तग धरतो व देशी मासे फस्त करतो. फ्लोरिडाच्या दलदलीत पसरलेला ब्रह्मी अजगर परका म्हणूनच ओळखला गेला. या माशाचे परकेपण मात्र परिचित नावाने झाकले. केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली, तरी २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला महाराष्ट्रातील साठे नष्ट करण्याचा आदेश द्यावा लागला. बंदी जातीवर असते, विक्री नावावर होते. म्हणून या माशास वेगळे नाव देणे हेही देशी मांगुराचे रक्षणच ठरेल.