आमरीची मुळे

जावा बेटातील वृक्षांवर फुलणाऱ्या एका आमरीस १८२५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूमे यांनी ‘फॅलेनॉप्सिस’, म्हणजे ‘पतंगासारखी’, असे नाव दिले. परंतु त्या काळी इंग्लंडात नेलेल्या असंख्य वृक्षवासी आमऱ्या मातीत आणि कोंदट काचघरांत कुजून गेल्या. हौस होती, ज्ञान नव्हते. पुढे चॅट्सवर्थच्या जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरात वारा खेळविला, तेव्हा त्या तेथे तग धरू लागल्या. आपल्याकडे आंब्याफणसावर झुलणारी सीतेची वेणी हेच सांगते: या मुळांना माती नको, वारा हवा. म्हणून बहर ओसरल्यावर कुंडी बदलताना कुजकी मुळे छाटावीत आणि सालीचे व कोळशाचे तुकडे सैलसर भरावेत. मायेने जपावे, पण श्वास कोंडू नये.