कोड कोणाचा, राखण कोणाची

मुक्त सॉफ्टवेअरविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातला बराचसा मजकूर 'फुकट मिळते' इथून निघतो आणि 'उबुंटू कसे टाकावे' इथे पोहोचून थांबतो. त्यात वावगे काही नाही. परिचितांच्या जुन्या संगणकांवर लिनक्स टाकून देण्यात मीही पुष्कळ रविवार घालवले आहेत आणि त्याचा पश्चात्ताप नाही. पण या क्षेत्राकडे अभ्यासविषय म्हणून वळणाऱ्या वाचकाने सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करावी असे मला वाटते. ते ठिकाण म्हणजे ब्रिटनमधली टपाल कार्यालये.

१९९९पासून तिथल्या टपाल शाखांमध्ये फुजित्सू कंपनीची 'होरायझन' ही हिशेबप्रणाली बसू लागली. या शाखा चालवणारे सबपोस्टमास्तर बहुतेक लहान दुकानदार. त्यांच्या हिशेबांत अचानक तूट दिसू लागली आणि ती भरून देण्याचा तगादा लागला. पुढच्या दीड दशकात चोरी, फसवणूक, खोटे हिशेब अशा आरोपांखाली ९००हून अधिक जण दोषी ठरले. कोणी तुरुंगात गेले, कोणाचे घर विकले गेले, काहींनी जीव दिला. इंग्लंडच्या न्यायालयांत संगणक बरोबर चालत होता असेच मुळात गृहीत धरले जाते. तसे नव्हते हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येऊन पडते. आणि आरोपीला त्या प्रणालीच्या आत डोकावायची सोय नव्हती. प्रणालीत दोष होते आणि त्यांतून खोटी तूट दिसू शकत होती, हे उच्च न्यायालयाने मान्य केले ते २०१९मध्ये. २०२४मध्ये संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

कोड खुला असता तर हे सारे टळले असते, असे म्हणण्याचा मोह मुक्त सॉफ्टवेअरवाल्या आमच्या मंडळींना होतो. मी तसे म्हणणार नाही. किराणा दुकानाच्या कोपऱ्यात टपाल शाखा चालवणारी बाई रात्री जागून कोड वाचायला बसली नसती. पण तिचा वकील तो एखाद्या जाणकाराकडे नेऊ शकला असता, पत्रकाराला विद्यापीठातल्या कोणाला तरी गाठता आले असते, आणि मुख्य म्हणजे 'यंत्र असे म्हणते' एवढ्यावर खटला उभा करणाऱ्याला चार वेळा विचार करावा लागला असता. सॉफ्टवेअर जेव्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहते, तेव्हा त्याची उलटतपासणी घेता आली पाहिजे. माझ्या मते या सगळ्या क्षेत्राचा गाभा एवढाच आहे. लॉरेन्स लेसिग या कायदेपंडिताने १९९९मध्येच पुस्तकभर मांडले होते की कोड हाही एक प्रकारचा कायदा असतो. तो मांडणी करत होता त्याच वर्षी होरायझन शाखांमध्ये पोहोचत होती.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वत्र मिळतो. एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमनने १९८३मध्ये मुक्त कार्यप्रणाली बांधण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. कॉपीराइटचाच आधार घेऊन 'वाचा, बदला, वाटा; मात्र पुढच्यालाही हाच हक्क द्या' अशी अट घालणारा जीपीएल परवाना १९८९मध्ये आला. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१मध्ये लिनक्स हा कार्यप्रणालीचा गाभा (कर्नल) लोकांपुढे ठेवला आणि वर्षभरात तो याच परवान्याखाली आणला. १९९८मध्ये 'ओपन सोर्स' हे नवे नाव रूढ होऊ लागले. कंपन्यांना ते पचायला सोपे होते. स्टॉलमनला ते आजही मान्य नाही. या भांडणावर बरेच लिहिले गेले आहे. नव्या अभ्यासकाने त्यात फार काळ अडकू नये.

मराठी वाचकाला यात काय, हा प्रश्न रास्त आहे. १९९०च्या दशकात मराठी डीटीपी ज्यांनी केले, त्यांना उत्तर ठाऊक आहे. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची संकेतरचना निराळी. एका प्रेसमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या प्रेसमध्ये उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा. सॉफ्टवेअर चालायला संगणकाच्या मागे डाँगल, म्हणजे किल्लीसारखे छोटे यंत्र, लावावे लागे. डाँगल बिघडला की आपणच लिहिलेला मजकूर आपल्याला परका. युनिकोड या सर्वांसाठी एकच असलेल्या संकेतरचनेत देवनागरी १९९१पासून होती, पण मराठी मुद्रणव्यवहारात ती रुळायला बरीच वर्षे लागली. मधल्या काळातले पुष्कळ मराठी साहित्य अशा फाइलींत अडकून पडले. त्याचा नीट हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. पीएचडीसाठी विषय शोधणाऱ्यांनी लक्ष द्यावे.

आज परिस्थिती पालटली आहे, आणि ती कशी पालटली हे पाहण्याजोगे आहे. अँड्रॉइड मोबाइलवर 'क्ष' किंवा 'स्त्री' लिहिताना जोडाक्षर नीट बसते, त्यामागे हार्फबझ नावाचे खुले सॉफ्टवेअर असते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस सगळे तेच वापरतात. 'कुऱ्हाड' आणि 'तऱ्हा' यांतला अर्धा र हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. बंद सॉफ्टवेअरमध्ये असली अडचण कंपनीच्या मर्जीवर राहते. खुल्यात ती नोंदवता येते, त्यावर भांडता येते, जमल्यास स्वतः दुरुस्त करता येते. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी 'लोहित' फॉन्ट सांभाळले. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट खुल्या परवान्याने दिले. मराठीवर कौतुकाची भाषणे पुष्कळ होतात, त्यांत या कामाचा उल्लेख मी क्वचितच ऐकला आहे.

आता या क्षेत्रातल्या सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो. कोड खुला केला, पुढे काय? मार्च २०२४मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की आपल्या संगणकावर दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. तो खोदत गेला. एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या, जगभरच्या लिनक्समध्ये असलेल्या छोट्या घटकात कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. 'जिया तान' असे नाव लावणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ उपयोगी कामे करून मेंटेनरचा, म्हणजे तो घटक सांभाळणाऱ्याचा, विश्वास मिळवला होता. तो मेंटेनर म्हणजे फिनलंडमधला एक स्वयंसेवक. आपल्याला मानसिक त्रास होतो आहे आणि हे काम बिनपगारी आहे, असे त्याने २०२२मध्ये उघडपणे लिहिलेही होते. काम लवकर होत नाही म्हणून त्याच्यावर तक्रारींचा भडिमार चालू होता. गंमत म्हणजे चोरदरवाज्याचा कळीचा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात नव्हताच. वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तो गुपचूप घातला होता.

या घटनेतून खुलेपणाचे समर्थकही बळ घेतात आणि विरोधकही. दोघेही अर्धे बरोबर आहेत. उघडे होते म्हणून सापडले. बेवारस होते म्हणून घुसता आले. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षे चालत आलेली सामायिक सिंचनाची फडपद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे पटकन उमगेल. बंधाऱ्याचे पाणी सगळ्या फडाचे, पण पाणी फिरवायला आणि पाटावर नजर ठेवायला पाटकरी नेमलेला असे, आणि त्याचा मोबदला शेतकऱ्यांनी द्यायचा हे ठरलेले असे. सामायिक साधने टिकतात ती कशी, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या अशाच व्यवस्थांवरून दाखवले आणि त्यासाठी २००९मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सॉफ्टवेअरच्या जगाने पाणी वाटून घेतले, पाटकरी नेमलाच नाही. लिनक्सच्या कर्नलवर आज बहुतांश काम पगारी अभियंते करतात, ते ठीक चालले आहे. अडचण एक्सझेडसारख्या, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या घटकांची आहे. नादिया एघबाल यांचे २०२०चे पुस्तक या विषयावर अवश्य वाचावे. एरिक रेमंडचा १९९७चा प्रसिद्ध निबंध त्याच्या नंतर वाचला तरी चालेल, त्याचा उत्साह आता जरा भाबडा वाटतो.

भारतापुरते बोलायचे तर कागदावर आपण पुढे आहोत. सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे केंद्राचे धोरण २०१५चे आहे. केरळने शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेऊन दाखवले. 'आरोग्य सेतू' या कोविडकाळातल्या सरकारी अॅपचा अँड्रॉइडसाठीचा कोड मे २०२०मध्ये खुला झाला, तोही मागणीचा रेटा लागल्यावर. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी, २००२मध्ये केला. माहिती अधिकाराखाली फाइलवरचा शेरा मागता येतो. पण सरकारी योजनेचा अर्ज आता ऑनलाइन भरला जातो आणि पात्र-अपात्र ठरवणारा नियम कोडमध्ये बसलेला असतो. तो शेरा कुठून मागायचा, यावर मराठीत गंभीर लेखन जवळजवळ नाही.

म्हणून कायद्याच्या, समाजशास्त्राच्या, ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझे आग्रहाचे निमंत्रण आहे. प्रोग्रामिंग येत नाही म्हणून बिचकू नका; परवाने, चर्चांच्या नोंदी, सरकारी निविदा हे सारे साध्या वाचनाचे साहित्य आहे आणि त्यातले बहुतेक उघड्यावर पडलेले आहे. सुरुवात आपल्या तालुक्यातल्या एखाद्या सरकारी योजनेच्या अर्जापासून करा, आणि जे सापडेल ते मराठीत लिहा.