पॅरिसचें द्राक्षमद्य आणि यकृताचा विकार



'मद्यपानाचे दुष्परिणाम' या विषयावर दरवर्षीं निबंध लिहवून घेण्याचा माझा परिपाठ होता. त्यांतला सर्वोत्तम निबंध ज्या विद्यार्थ्यानें लिहिला, तोच पुढें मद्याच्या आहारीं गेला आणि यकृताच्या विकारानें ऐन चाळिशींत वारला. तेव्हांपासून, नुसता उपदेश कितपत पुरतो, हा प्रश्न माझा पाठ सोडीत नाहीं. त्याचें उत्तर मला फ्रान्सच्या इतिहासांत सांपडलें.

दीर्घकाळच्या अतिमद्यपानानें यकृतांत प्रथम मेद सांचतो, मग दाह होतो, आणि अखेर तें घट्ट व गांठाळ बनतें. या शेवटच्या अवस्थेस लाएनेक नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १८१९ सालीं 'सिऱ्होसिस' हें नांव दिलें.

त्याच फ्रान्समध्यें द्राक्षमद्य हा रोजच्या जेवणाचा भाग होता. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं देश व्यापला आणि टंचाईमुळें १९४२ पासून या मद्याचेंही शिधावाटप सुरू झालें. १९४१ सालीं पॅरिसमध्यें दर लाख वस्तीमागें सुमारें ३५ माणसें सिऱ्होसिसनें मरत. १९४५-४६ मध्यें हा आंकडा ६ वर आला! कोणतेंही नवें औषध निघालें नव्हतें. लोक अर्धपोटी होते. तरीही मद्य आटतांच, ज्यांचें यकृत आधींच बिघडलें होतें असे रोगीदेखील तगले. १९४७ मध्यें निर्बंध उठले आणि मृत्यूंचें प्रमाण पुनः चढूं लागलें.

युद्धकाळची सक्ति शांततेंत कोणास नको असते. म्हणून फ्रान्सनें सौम्य उपाय योजिले. पंतप्रधान मेंदेस-फ्रान्स यांनीं १९५४ सालीं शाळांत मुलांना दूध देण्याचा पुरस्कार केला. १९५६ सालीं चौदा वर्षांखालील मुलांना शालेय भोजनगृहांत मद्य देण्यास बंदी झाली. म्हणजे तोंवर तें दिलें जात होतें! १९९१ च्या 'एव्हँ' कायद्यानें जाहिरातींस कडक मर्यादा घातल्या. १९६० नंतरच्या दशकांत तेथील दरडोई मद्यपान उतरत गेलें आणि सिऱ्होसिसचे मृत्युही घटले.

शिक्षकाचा शब्द व्यर्थ नसतो. परंतु शाळेबाहेर पडतांच दुकान, जाहिरात आणि मित्रमंडळी त्याच्या उलट बोलूं लागलीं, तर तो एकटा शब्द किती काळ टिकणार? त्याला समाजाची आणि कायद्याची जोड हवी. माझ्या त्या विद्यार्थ्यास ती मिळाली नाहीं.